तारामतीला इतके पळवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ मे जवळ आला की अण्णा हरी साळुंके यांची आठवण निघते आणि ४ मेला ती संपते. आठवणीत असते तरी काय? ग्रँट रोडच्या एका खाणावळीतला स्वयंपाकी, दादासाहेब फाळके यांच्या नजरेला पडला, साडी नेसला आणि भारतीय चित्रपटाची पहिली ‘नायिका’ झाला. सोबत ‘राजा हरिश्चंद्र’चा मिनिटभराचा तुकडा मोबाइलवर फिरतो. त्यात राजा, राणी, ऋषी सगळे गाडी चुकल्यासारखे धावत असतात आणि बघणारे हसतात. हा हशा साळुंके यांच्या अभिनयाचा दोष नाही, चित्रफीत चुकीच्या वेगाने चालवण्याचा आहे. वर्तमानपत्रे, वाहिन्या आणि शाळा-महाविद्यालयांतले चित्रपट मंडळ चालवणारे यांनी मनावर घेतले तर तो एका दुपारच्या कामाने दूर करता येईल, म्हणून हे पत्र.

आधी प्रसिद्ध गोष्ट थोडक्यात. फाळके यांनी तारामतीसाठी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही विचारणा केली. घरंदाज बाई येणे शक्यच नव्हते, आणि ज्या आल्या त्या टिकल्या नाहीत. साळुंके खाणावळीत महिना १० रुपयांवर होते, फाळके यांनी १५ देऊ केले. दत्तात्रय दामोदर दाबके राजा झाले, गजानन वासुदेव साने विश्वामित्र, आणि फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. चित्रीकरण दादरला आणि बाहेरचे प्रसंग वांगणीला झाले. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निवडक लोकांना दाखवल्यावर ३ मे रोजी चित्रपट गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. इथवर सगळे लेख बरोबर असतात. पुढे लिहितात, ‘हा चित्रपट चाळीस मिनिटांचा होता.’ घोटाळा इथे सुरू होतो.

‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे एकूण ५९,२०० फ्रेम. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत. हँडलच्या एका फेऱ्यात ८ फ्रेम जात आणि सेकंदाला दोन फेरे हा साधारण रिवाज होता, म्हणजे सेकंदाला १६ फ्रेम किंवा बरोबर एक फूट. त्या हिशेबाने ३,७०० फूट चालायला ३,७०० सेकंद लागतात, म्हणजे एक तास दोन मिनिटांच्या आसपास. चाळीस मिनिटे येतात ती बोलपटाच्या वेगाने भागल्यावर. आवाज आल्यानंतर वेग सेकंदाला २४ फ्रेमवर कायम झाला, त्या वेगाने ४१ मिनिटे होतात. आपल्याकडच्या व्हिडिओच्या २५ च्या वेगाने साडेएकोणचाळीस. म्हणजे ‘चाळीस मिनिटांचा चित्रपट’ या वाक्यात साळुंके दीडपट वेगाने पळताहेत हे मान्यच करून टाकलेले असते.

या आकड्यांना फाळके यांची स्वतःची साक्ष आहे. नाटक पाच-सहा तास चालायची सवय असलेल्या प्रेक्षकांना इतक्या छोट्या खेळाला खेचण्यासाठी त्यांनी जाहिरात केली होती, तिचा आशय असा : सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सगळे फक्त तीन आण्यांत. सत्तावन्न हजार हा आकडा ५९,२०० च्या जवळच आहे. दोन मैल मात्र ठार खोटे. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. फाळके जाहिरातीतही कसलेले होते, एवढेच त्यातून कळते.

आता वेगाचा अभिनयाशी संबंध. मूकपटातल्या नटाजवळ आवाज नाही, आणि त्या काळच्या मांडणीत चेहराही फारसा हाताशी नाही. कॅमेरा तिकाटण्यावर एका जागी, समोर डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणसे, तीन-चार पात्रे एका ओळीत किंवा अर्धवर्तुळात. राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांची ही रचना आहे, आणि फाळके स्वतः लोणावळ्याला रविवर्म्याच्या छापखान्याशी संबंधित काम केलेले गृहस्थ होते. अशा चौकटीत पडद्यावर चेहरा लहान दिसतो. म्हणून भाव मानेच्या कलाने, खांद्याने, पदर सावरणाऱ्या हाताने, उठण्या-बसण्याला लागणाऱ्या वेळाने दाखवावा लागतो. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि चुकीच्या वेगात तीच आधी मरते. राणी राजाकडे वळून बघते, थांबते, मग नजर खाली घेते. या थांबण्याला दीड सेकंद हवा असेल आणि पडद्यावर एकच मिळाला, तर डोळ्यांना दिसतो तो झटका. राजा रोहिदासाला धनुष्यबाण शिकवतो आणि तारामती शेजारी उभी राहून पाहते, तो सुरुवातीचा प्रसंग १६ च्या वेगाने बघा आणि मग २५ च्या वेगाने बघा. पहिल्यात घर दिसते, दुसऱ्यात कवायत.

रंगभूमीवरच्या स्त्रीपार्टी नटांशी साळुंके यांची तुलना करतात तीही नीट नाही. त्या वर्षांत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी नाटकातली स्त्री घडवली ती गळ्यातून आणि पदांतून. पडद्यावर पद म्हणता येत नव्हते. रात्रीच्या दिव्यांत, दूर बसलेल्या प्रेक्षकांसाठी केलेली रंगभूषाही इथे उपयोगाची नव्हती, कारण चित्रीकरण भर उन्हात. कृत्रिम प्रकाश नव्हताच. सूर्य, वर ताणलेले कापड, आणि सावलीच्या बाजूने पांढऱ्या चादरी धरून परतवलेला उजेड. या चादरी धरायला सरस्वतीबाई फाळके उभ्या राहत.

त्यात फिल्मचा स्वभाव निराळा. तेव्हाची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल वस्तू काळी उमटे, निळी पांढुरकी. कपाळाचे कुंकू काळे दिसे, ते चालून जाई. पण लाल शालू नेसवला तर राणी कोळशाच्या ढिगासारखी दिसणार आणि जरीकाठाखेरीज एकही चुणी कळणार नाही. निळे आकाश कोऱ्या कागदासारखे. त्वचेतला तांबूसपणाही गडद होतो, म्हणून गोऱ्या माणसाचा चेहराही सावळा येतो. पुरुषाच्या हनुवटीवर सकाळी वस्तरा फिरवला तरी दुपारच्या उन्हात दाढीची छटा फिल्मवर उठून दिसते. पिवळसर-पांढरा लेप जाड लावावा तर घामाने त्याला चिरा पडतात, पातळ लावावा तर दाढी दिसते. वडील हयात असताना मिशी काढायची नाही या समजुतीमुळे फाळके यांना नटांची मनधरणी करावी लागली, हा किस्सा लोक चवीने सांगतात. पण मिशी काढली म्हणून काम भागत नव्हते. साळुंके यांची अंगकाठी आणि हातांची ठेवण मुळातच नाजूक होती, म्हणून पूर्णाकृती चौकटीत ते निभावले. पाण्याच्या हौदातल्या प्रसंगात तारामतीच्या सख्या म्हणून ओलेत्या साड्यांत बसलेले इतर पुरुष बघितले की हा फरक चटकन कळतो.

फिल्मच्या या लाल-आंधळेपणाचा एक फायदा होता, तो सांगायचा मोह आवरत नाही. लाल दिव्याच्या उजेडात फिल्म धुता येत असे, म्हणून हे काम घरात होऊ शकले. कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली यायची. प्रत्येक फ्रेमला एका कडेला चार, म्हणजे फुटाला ६४ भोके. दोन्ही कडांची १२८. दोनशे फुटांच्या तुकड्याला २५,६०० भोके होतात. अंतर केसभर चुकले की पडद्यावर चित्र उड्या मारते, आणि ते नंतर कशानेच दुरुस्त होत नाही. हे काम सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत यंत्रावर करत आणि दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. साळुंके यांच्या १५ रुपयांचा उल्लेख करणाऱ्यांनी या कामाला पगार नव्हता हेही लिहायला हरकत नाही.

आता दाखवायचे कसे ते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (१९६४ ची स्थापना, २०२२ पासून चित्रपट विकास महामंडळात विलीन) ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि शेवटचे रीळ आहे, मिळून साधारण दीड हजार फूट. योग्य वेगाने हे पंचवीस मिनिटांच्या जवळपास चालायला हवे. आपल्याजवळची प्रत सोळा मिनिटांत संपत असेल तर ती पळवलेली आहे, ही सोपी खूण. संगणकावर संकलन करणाऱ्याने नुसता ‘स्लो’ करून सोडू नये. बहुतेक सॉफ्टवेअर मधल्या जागा भरायला दोन फ्रेमचे मिश्रण करते आणि हलत्या हाताला भुतासारखी दुसरी छटा येते. ते मिश्रण बंद करावे, फाइल सेकंदाला १६ फ्रेमची आहे असे सांगावे आणि बाहेर काढताना फ्रेमची नुसती पुनरावृत्ती होऊ द्यावी. २५ च्या व्हिडिओत १६ फ्रेम बसवताना काही फ्रेम दोनदा येतात, काही एकदाच. चालण्यात किंचित अडखळ दिसते, ती मिश्रणापेक्षा परवडली.

१६ हाही वेदातला आकडा नाही. हँडल माणूस फिरवत होता; ऊन कमी झाले की हात सावकाश चाले, कारण तेवढा जास्त उजेड फिल्मवर पडतो, आणि धावपळीच्या प्रसंगात हातही नकळत घाईला येतो. म्हणून प्रसंगागणिक डोळ्यांनी तपासावे. पडणारे पाणी, खाली येणारे कापड, यज्ञातला धूर आणि माणसाचे चालणे या चार गोष्टी खोटे बोलत नाहीत. पाणी खऱ्यासारखे पडले की वेग बरोबर. कुठे १४ लागतील, कुठे १८.

दुसरी चूक कापाकापीची. मूकपटाची चौकट चारास तीन या प्रमाणाची. आजच्या रुंद पडद्यावर ती ताणून बसवली की तारामती बुटकी आणि जाड होते. वरून-खालून कापली की आधी राजाचा मुकुट जातो, मग सगळ्यांचे पाय. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात, त्यांनी कोणाचे काही बिघडत नाही. फिल्मवरून नवी प्रत करताना आणखी एक सापळा आहे. मूकपटात चित्र फिल्मच्या पूर्ण रुंदीवर असते, बोलपटात डावीकडची पट्टी आवाजासाठी राखलेली. बोलपटाच्या खिडकीतून मूकपट चालवला की चित्राची डावी कड झाकली जाते, आणि ओळीत उभ्या केलेल्या पात्रांतले एखादे अर्धे कापले जाते.

कोणाकडे खरे प्रक्षेपक असतील तर वेग कमी केल्यावर चित्र लुकलुकेल. २४ च्या वेगाला दोन पात्यांची झडप (दिव्याचा उजेड अडवणारी फिरती चकती) पुरते, सेकंदाला ४८ लखलखाट होतात. १६ ला तेवढेच हवे असतील तर तीन पात्यांची झडप बसवावी लागते. ती नसेल तर भाडोत्री प्रक्षेपकावर हा प्रयोग करू नये, दिव्याखाली सावकाश जाणारी फिल्म तापते.

चित्रफितीखाली ‘१९१३’ लिहिण्याआधीही जरा थांबावे. फाळके यांनी १९१७ मध्ये हीच कथा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ म्हणून पुन्हा चित्रित केली, तारामती पुन्हा साळुंकेच, आणि उपलब्ध रिळे या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. ‘१९१३/१९१७’ असे लिहिणे प्रामाणिक ठरेल.

‘त्या काळी बायका पडद्यावर येतच नव्हत्या म्हणून साळुंके’ हे वाक्यही अर्धेच खरे. पहिल्या चित्रपटानंतर लगेच फाळके नाशिकला गेले आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढच्या गोखले) या दोघी पडद्यावर आल्या. त्यानंतरही १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये सीता साळुंके यांनी केली. म्हणजे तोपर्यंत ते अडचणीत शोधलेले बदली माणूस राहिले नव्हते. नाटक कंपनीतली नटी परत नाटकात जाई. साळुंके फाळके यांच्या कारखान्यातले कायमचे माणूस होते, आणि कॅमेऱ्यासमोर कसे उभे राहायचे हे त्यांच्याइतके अनुभवाने शिकलेले तेव्हा देशात किती होते? बोटांवर मोजण्याइतके.

‘लंका दहन’मध्ये रामही तेच. ‘भारतातली पहिली दुहेरी भूमिका’ म्हणून हे छापून येते आणि वाचणाऱ्याला वाटते की काहीतरी जादू केली असणार. जादूची कृती तेव्हा माहीत होती. भिंगापुढे अर्धी चौकट काळ्या पत्र्याने झाकायची, हँडलचे फेरे मोजत अर्धा प्रसंग घ्यायचा, भिंग पूर्ण झाकून तेवढेच फेरे उलटे फिरवायचे, पत्रा दुसऱ्या बाजूला लावून नटाला दुसऱ्या वेषात उभे करायचे आणि त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण. एक फेरा चुकला तर आठ फ्रेम सरकतात. तिकाटणे हलले तर मध्ये रेघ उमटते. वेष बदलण्यात अर्धा तास गेला तर सूर्य सरकतो आणि अर्ध्या चित्रात सावल्या वेगळ्या दिशेला पडतात. पण मूळ कथा बघा. सीताहरणानंतर राम आणि सीता एका ठिकाणी नाहीतच. एक किष्किंधेच्या बाजूला, दुसरी अशोकवनात, आणि मध्ये हनुमान (ही भूमिका गणपत शिंदे यांची). वेष बदलून वेगवेगळ्या दिवशी चित्रण केले की बहुतेक काम भागते. कौतुक करायचे तर यंत्राचे कशाला, माणसाचे करावे. त्याच अंगाने रामाचे ताठ उभे राहणे आणि सीतेचे आखडून बसणे वेगळे दाखवायचे, आणि प्रेक्षकाला हा एकच नट आहे याची आठवण होऊ द्यायची नाही. राम पडद्यावर आला की लोक पायातल्या वहाणा काढत, हे प्रसिद्ध आहे. सीतेचे दंड जरा भरलेले दिसतात अशी कुजबुज पुढच्या पिढ्यांनी केली. वहाणा काढणाऱ्यांना ते खटकले नव्हते.

या चित्रपटाचे मूळ सुमारे ३,००० फुटांतले ५०० फूट काय ते उरले, म्हणजे जेमतेम आठ मिनिटे. त्यातही पळवापळवी केली तर पाचच.

कारकिर्दीचा दुसरा अर्धा भाग लेखांत येतच नाही. १ जानेवारी १९१८ ला नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, आणि साळुंके हळूहळू कॅमेऱ्यामागे गेले. १९२२ चा ‘सत्यनारायण’, १९२३ चा ‘बुद्धदेव’ यांचे छायालेखन त्यांचे. पहिल्या चित्रपटाचा कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालवला, आणि त्यांनाही फाळके यांनीच शिकवले होते. तीच वाट साळुंके यांनी धरली. नटाने कॅमेरा धरण्यात तेव्हा आजच्याइतके आश्चर्य नव्हते, कारण या कारखान्यात देखावे रंगवण्यापासून फिल्म वाळवण्यापर्यंत सगळे सगळ्यांना करावे लागे. पण हँडलची लय सगळ्यांना साधत नाही. हात मंदावला तर फिल्मवर उजेड जास्त पडतो आणि पडद्यावर माणसे पळतात. हात जोरात गेला तर चित्र काळवंडते आणि माणसे पाण्यात चालल्यासारखी दिसतात. चित्रण चालू असतानाच कॅमेरा बाजूला वळवायचा असेल तर एका हाताने सेकंदाला दोन फेरे आणि दुसऱ्याने तिकाटण्याचे दुसरे हँडल वेगळ्या, सावकाश लयीत. तबल्याचा डावा-उजवा वेगळा चालतो तसे हे काम. समोर उभे राहून चार वर्षे तो आवाज ऐकलेल्या माणसाला लय कानात बसलेली असणार, हा आमचा तर्क. पुरावा म्हणून कोणी छापू नये.

ही छायालेखनाची कामगिरी आज दिसत नाही, कारण फिल्मच गेली. मूकपटांची फिल्म नायट्रेटची, म्हणजे सहज पेटणारी आणि सडणारी असे. तिच्यातली चांदी काढण्यासाठी जुनी रिळे विकली गेली, काही जळली, बाकीची डब्यांत सडली. तरीही नाशिक, कोल्हापूर, पुणे, मुंबईकडच्या जुन्या वाड्यांत, बंद पडलेल्या थिएटरांच्या माळ्यांवर पत्र्याचे डबे निघतात. आपल्या वाचकांपैकी कोणाला असा डबा सापडला तर काय करावे हे इथेच सांगतो.

डबा घरात न उघडता मोकळ्या हवेत, सावलीत उघडावा. आसपास विडी, शेगडी, देवापुढची समई काही नको. फिल्मच्या कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ असे छापलेले असेल तर धोका कमी. नसेल, आणि फिल्म १९५० च्या आधीची वाटत असेल, तर ती नायट्रेट धरून चालावे. सडण्याची पायरी दिसते : आधी चित्र तपकिरी होऊन फिकटते आणि घाणेरडा वास येतो, मग वेटोळी एकमेकांना चिकटतात, मग मधासारखे बुडबुडे, मग सगळी दगडासारखी चकती, शेवटी तपकिरी भुगा. पहिल्या दोन पायऱ्यांत चित्र वाचवता येते. चिकटलेली वेटोळी ओढून सोडवू नयेत, चित्राचा थर निघून येतो. खराब झालेली नायट्रेट फिल्म उन्हाळ्यात ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि पेटल्यावर पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. म्हणून झाकण घट्ट लावून कपाटात ठेवू नये, प्रक्षेपकावर लावू नये, टपालाने किंवा कुरियरने तर मुळीच पाठवू नये, आणि भंगारातही टाकू नये. थंड जागी, झाकण सैल ठेवून, पुण्याच्या संग्रहालयाला कळवावे. त्यांची माणसे ती कशी हलवायची ते जाणतात.

डब्यावरची चिठ्ठी फाटकी, वाळवीने खाल्लेली असली तरी सोलून काढू नका. तिचा आणि फिल्मच्या सुरुवातीच्या दोन-तीन हात लांबीचा, उजेडासमोर न ओढता, मोबाइलवर फोटो काढा. मूकपटांत नावाच्या पाट्या सुरुवातीलाच येतात, आणि साळुंके यांचे नाव असलेच तर तिथेच सापडेल : नटांत नाही, छायालेखनापुढे.

आपले,
जुन्या चित्रफितींची देखभाल करणारे काही वाचक
पुणे